भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव काय हो?

सर्जनची माहिती आपण दहा जणांना विचारून काढतो, रूमचे फोटो बघून हॉस्पिटल ठरवतो. पण ऑपरेशन टेबलवर आपला श्वास ज्यांच्या हाती असतो, त्या भूलतज्ज्ञाबद्दल आपल्याला काय माहीत असतं? त्यांची डिग्री, त्यांची हॉस्पिटलं आणि त्यांचं बिल... एका अर्ध्या कप चहातून सुरू झालेली शोधाशोध.

‘सकाळपासून काही खाल्लं-प्यायलंय?’
‘नाही.’
‘पाणी?’
‘एक घोट.’
‘चहा?’
इथं मी जरा अडखळले. ‘चहा म्हणजे... अर्धा कप. सहा वाजता.’
‘दूध घातलेला?’
आता पुण्यात चहा दुधाशिवाय कोण पितं? मी मान डोलावली. समोरच्या मॅडमनी घड्याळात पाहिलं, फाइल मिटली आणि शांतपणे म्हणाल्या, ‘मग नऊला नाही. आपण दुपारी एकला घेऊ.’

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन. त्यासाठी मी तीन आठवडे रीसर्च केला होता. सर्जन कोण, दुर्बिणीतून किती केसेस केल्यात, टाके किती, ऑफिसचा लॅपटॉप कधी उघडता येईल, सगळं पाठ. नर्सिंग होममध्ये डीलक्स रूम घेतली होती, कारण तिथं टेबल होतं आणि वायफाय चांगलं होतं. आणि ऐन वेळी कुणीतरी अनोळखी बाई येऊन अर्ध्या कप चहावरून ऑपरेशन चार तास पुढे ढकलते म्हणजे काय! आईचा पारा तर माझ्याही वर. ‘अहो, अर्ध्या कपानं काय होतंय? मुलगी कालपासून उपाशी आहे.’

‘काकू,’ मॅडम म्हणाल्या, ‘भूल दिली की घशाची राखण बंद होते. पोटातलं वर आलं आणि श्वासनलिकेत गेलं, तर ते फुप्फुसात जातं. पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध, दुधाचा चहा, हलकं खाणं यांना सहा तास लागतात. वडे, बिर्याणी असेल तर आठ. मी चान्स घेत नाही.’

मग त्यांनी मला आणखी पाच मिनिटं पिडलं. दात हलतोय का, घोरतेस का, सिगरेट किती, घरात कुणाला भूल चढताना त्रास झाला होता का. दमा? ‘नाही,’ मी ठोकून दिलं. ‘पर्समध्ये पंप आहे?’ आता काय बोलणार! पंप होता. थंडीत लागतो कधीतरी. सर्जनना मी हे सांगितलंच नव्हतं, कारण खड्यांचा आणि दम्याचा काय संबंध, हा माझा फंडा.

दुपारी एकला त्यांनी मला ‘आता छान काहीतरी आठव’ असं सांगितलं. पांढरं, दुधासारखं औषध हाताच्या शिरेत जाताना दिसलं. प्रोपोफॉल. पुढचं मला काहीच माहीत नाही.

सोळा हजारांची चिठ्ठी

खरी गंमत डिस्चार्जच्या दिवशी. काउंटरवरच्या मुलीनं हॉस्पिटलचं बिल दिलं आणि म्हणाली, ‘अॅनेस्थेशियाचे सोळा हजार वेगळे. मॅडमना जीपे करा.’ पावती म्हणून हातात आली लेटरहेडवर पेनानं लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी. मला वाटलं, झालं! हा सगळा ‘वरचा’ मामला दिसतोय.

नर्सिंग होम माझ्या विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये नव्हतं, त्यामुळे आधी पैसे भरा आणि मग क्लेम करा, हा मार्ग. महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. हॉस्पिटलच्या बिलातले बरेच पैसे कापलेले, आणि भूलतज्ज्ञांची पावती चक्क परत. कारण, ‘क्रमांक असलेलं रीतसर बिल जोडलेलं नाही.’

मी रागारागानं मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘अगं, मागितलं असतंस तर तेव्हाच दिलं असतं. चिठ्ठी काउंटरवाल्यांनीच घाईत दिली असेल.’ संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर छापील बिल हजर. वर बिल क्रमांक, खाली त्यांची डिग्री, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, ऑपरेशनचं नाव, तारीख, सही. मूळ प्रत दुसऱ्या दिवशी नर्सिंग होममध्ये ठेवलेली होती.

ते बिल जोडल्यावर पैसे आले. पण सोळा नाही, दहा हजार. मी पुन्हा भडकले. या वेळी मात्र फोन करण्याआधी पॉलिसीची पुस्तिका उघडली. (हो, पहिल्यांदाच. तुम्ही उघडलीय?)

रूम तुमची, कपात डॉक्टरांच्या फीमध्ये

माझी पॉलिसी पाच लाखांची. रूमचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. मी घेतलेली डीलक्स रूम आठ हजारांची. मला वाटलं होतं, वरचे तीन हजार आपण भरू, हाय काय अन् नाय काय. पण गणित तसं चालत नाही, मंडळी!

आपल्याकडे बऱ्याच हॉस्पिटलांत रूम जितकी महाग, तितकी सर्जनची फी, ओटीचा चार्ज आणि भूलतज्ज्ञाची फीसुद्धा वाढते. म्हणून मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली, की विमा कंपनी या सगळ्या खर्चांना त्याच प्रमाणात कात्री लावते. पाच भागिले आठ, म्हणजे साडेबासष्ट टक्के. सोळा हजारांचे साडेबासष्ट टक्के बरोब्बर दहा हजार. ते सहा हजार मॅडमनी लाटले नव्हते. ते माझ्या वायफायनं खाल्ले होते!

या कात्रीला २०२० मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकानं लगाम घातला. औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना अशी प्रमाणात कपात लावायची नाही. ज्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथंही लावायची नाही. पण भूलतज्ज्ञाची फी या सवलतीच्या यादीत नाही.

आणि वेगळ्या बिलाचं म्हणाल, तर तो काही गुन्हा नाही. एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांनी आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत तर स्वच्छ लिहिलंय, की सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची फी हॉस्पिटलला दिलेली असो किंवा थेट डॉक्टरांना, ती खर्चात धरली जाते. मात्र अटी वाचायच्या. एका सरकारी कंपनीच्या मेडिक्लेमच्या जुन्या पुस्तिकेत मी स्वतः वाचलं. थेट दिलेल्या फीसाठी पैसे चेकनं द्यायचे, बिलावर क्रमांक हवा, नुसतं लेटरहेड चालणार नाही आणि कॅश दिली तर फक्त दहा हजारांपर्यंतच भरपाई. वाचलं आणि माझ्या त्या चिठ्ठीची आठवण झाली.

पॅसेंजर सीटवरचा एक दिवस

दोनदा उगाच रागावल्याबद्दल सॉरी म्हणायला मी मॅडमना फोन केला. त्या हसल्या. ‘सॉरी राहू दे. एक दिवस माझ्याबरोबर फिर. मग लिही.’ अट एकच, नाव छापायचं नाही.

सकाळी सव्वासातला त्यांची छोटी कार आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मागच्या सीटवर मोठी काळी बॅग. त्यात लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघून नळी टाकण्याचं उपकरण, त्याचीच छोट्या स्क्रीनची व्हिडिओवाली आवृत्ती, स्टेथोस्कोप, वेगवेगळ्या मापांच्या नळ्या आणि एक डबा. डब्यात पोहे. ‘मशीन नर्सिंग होमचं असतं. पण केस सुरू होण्याआधी ते मी स्वतः तपासते. ऑक्सिजन, सक्शन, मॉनिटर. त्याशिवाय पेशंटला हात लावत नाही.’

पहिली केस सदाशिव पेठेत, सिझेरियन. दुसरी सिंहगड रोडला, मनगटाचं फ्रॅक्चर. तिसरी संध्याकाळी औंधला, एका लहान मुलाचे टॉन्सिल्स. ओटीत मला प्रवेश नव्हता. मी बाहेरच्या बाकड्यावर नातेवाइकांबरोबर बसले. तिन्ही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला. ‘भूल कोण देतंय?’ तिन्ही ठिकाणी उत्तर आलं, ‘आहेत कुणीतरी मॅडम.’ सर्जनचं नाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

या ‘कुणीतरी मॅडम’चा बायोडेटा ऐका. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेजचा बाँड म्हणून एक वर्ष ग्रामीण रुग्णालयात, मग तीन वर्षं अॅनेस्थेशियात एमडी. पुढे एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी, जिथं रात्रीच्या इमर्जन्सीमध्ये, त्यांच्याच शब्दांत, ‘खरं शिक्षण झालं’. आपल्याकडे भूलतज्ज्ञ होण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. तीन वर्षांची एमडी, तीन वर्षांची डीएनबी आणि दोन वर्षांचा डीए हा डिप्लोमा. हृदयाच्या ऑपरेशनसाठी खास तयारी करायची, तर त्यापुढे डीएमसुद्धा आहे. शिवाय महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर मेडिकल कौन्सिलची नोंदणी हवी आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण. त्यासाठी नवं शिकत राहिल्याचे क्रेडिट पॉइंट्स दाखवावे लागतात.

मला वाटायचं, इंजेक्शन दिलं की यांचं काम संपलं. मग बाहेर बसून पेपर वाचत असतील! प्रत्यक्षात सर्जन टाके घालत असतो, तेव्हाही भूलतज्ज्ञ पेशंटच्या डोक्याशी उभाच. नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड... दर काही मिनिटांनी नोंद. झोपवण्यापेक्षा वेळेवर आणि नीट उठवणं हीच खरी कसोटी. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन दाखवली. तो दिवस जगभर भूलशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. आणि या क्षेत्रातली जगातली पहिली स्त्री म्हणून नाव घेतलं जातं ते आपल्या हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांचं. मॅडमच्या मोबाइलवर त्यांचा जुना फोटो आहे.

अटॅच म्हणजे नक्की कुठे?

सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मॅडमनी मला त्यांच्या कामाचं अर्थशास्त्र समजावलं. ‘तू फ्रीलान्सर, मीही फ्रीलान्सर. तुझे पैसे कधी येतात?’ मी म्हटलं, ‘दोन-तीन फोन केल्यावर.’ त्या म्हणाल्या, ‘मग तुला कळेल.’

भूलतज्ज्ञ साधारण तीन प्रकारे काम करतात. पहिला प्रकार, मोठ्या ट्रस्टच्या किंवा कॉर्पोरेट हॉस्पिटलात फुलटाइम. तिथं फी हॉस्पिटलच्या बिलात किंवा पॅकेजमध्येच येते. दुसरा, मॅडमसारखे ‘ऑन कॉल’. चार-पाच नर्सिंग होम्सशी अटॅच, फोन आला की बॅग उचलायची. तिसरा, ग्रुप प्रॅक्टिस. तीन-चार जण एकत्र येऊन ठरावीक हॉस्पिटलं सांभाळतात. मॅडमचाही चौघींचा अनौपचारिक ग्रुप आहे. ‘माझी केस लांबली आणि दुसरीकडे सिझेरियन आलं, तर दुसरी जाते. सिझेरियन वेळ बघून येत नाही.’

आणि इथंच विम्याची गाठ बसते. आपल्याकडे कॅशलेसचा करार विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यात असतो, डॉक्टरशी नाही. त्यामुळे ‘मॅडम, तुम्ही माझा इन्शुरन्स घेता का?’ हा प्रश्न त्यांना विचारून उपयोग नाही. तो हॉस्पिटलला विचारायचा, आणि त्यापुढे दुसरा, ‘यात भूलतज्ज्ञांची फी धरलीय का?’ कॅशलेस केसमध्ये पैसे आधी हॉस्पिटलकडे येतात आणि तिथून मॅडमकडे. ‘कधी महिन्यानं, कधी चार महिन्यांनी, कधी विसरूनच जातात,’ त्या म्हणाल्या. म्हणून काही जण नेटवर्क नसलेल्या ठिकाणी थेट पेशंटकडून घेणं पसंत करतात.

मग मी मनातला खरा प्रश्न विचारला. ‘त्या दिवशी तुम्ही माझी केस एकला घेतलीत. तेव्हा तुम्हाला दुसरीकडे काही...?’
‘दुपारी एक वाजता गुडघ्याची केस होती. चांगली फी होती. मैत्रिणीला दिली.’
‘अर्ध्या कप चहासाठी?’
‘अर्ध्या कप चहासाठीच. आणि तुझ्या पंपासाठी. त्या चार तासांत तुला दोनदा वाफेचं औषध दिलं होतं, आठवतंय?’
आठवत होतं. मी तेव्हा ते ‘बिल वाढवायचे धंदे’ म्हणून भावाला मेसेज केला होता. हे मात्र मी मॅडमना सांगितलं नाही.

तिकडे अमेरिकेत

माझी आतेबहीण न्यू जर्सीला असते. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘इकडे हा इश्श्यू एवढा गाजला की कायदा करावा लागला.’ तिथं विमा कंपनीचा करार हॉस्पिटलशी वेगळा आणि डॉक्टरशी वेगळा. म्हणजे हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, सर्जनही नेटवर्कमध्ये, पण भूलतज्ज्ञ मात्र बाहेरचा! पेशंट घरी पोचला की मागून मोठ्ठं बिल. शेवटी ‘नो सरप्रायझेस अॅक्ट’ आला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात बाहेरच्या भूलतज्ज्ञानं भूल दिली, तरी पेशंटनं नेटवर्कच्या हिशोबानंच आपला वाटा भरायचा. उरलेल्या पैशांसाठी विमा कंपनी आणि डॉक्टर यांनी आपापसात भांडावं. तिथं म्हणूनच लोक भूलतज्ज्ञाची डिग्री, हॉस्पिटलं आणि तो कुठला विमा घेतो हे आधी शोधतात. आपण? आपण वायफाय बघतो.

आपल्याकडेही काही गोष्टी बदलल्यात. जानेवारी २०२४ मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ आणलं. ठरवून करायच्या ऑपरेशनची खबर कंपनीला ४८ तास आधी दिली, तर नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. इमर्जन्सीत दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं. मला हे माहीत असतं, तर एक ई-मेल पुरला असता. मे २०२४ मध्ये आयआरडीएआयनं सांगितलं, की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा. क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथं न्याय मिळाला नाही तर विमा लोकपाल आहेत, पुण्यातही त्यांचं ऑफिस आहे आणि तक्रारीला फी नाही.

अॅडमिट होण्याआधी एवढं कराच

• भूल कोण देणार, हे सर्जनला विचारा. नाव, डिग्री आणि नोंदणी क्रमांक. यात उद्धटपणा काही नाही. मॅडम म्हणतात, ‘कुणी विचारलं तर मला बरंच वाटतं.’

• शक्य असेल तर ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी त्यांना भेटा. याला प्री-अॅनेस्थेटिक चेकअप म्हणतात. दमा, बीपी, रोजच्या गोळ्या, आधीची ऑपरेशन्स, सिगरेट, दारू सगळं खरं सांगा. तिथं आईला बाहेर बसवा हवं तर!

• ऑपरेशन संपेपर्यंत त्या तिथंच असणार ना आणि अडचण आली तर बदली कोण, हेही विचारा. भूल देण्याच्या संमतीपत्रावर वाचून सही करा.

• फी हॉस्पिटलच्या बिलात की वेगळी? वेगळी असेल तर चेक किंवा ऑनलाइन पेमेंट करा आणि क्रमांक असलेलं बिल त्याच दिवशी घ्या.

• पॉलिसीतली रूमची मर्यादा बघून रूम घ्या. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला एक मेल टाका. नोकरी सुटली की ती पॉलिसीही सुटते, हेही विसरू नका.

• उपाशी म्हणजे उपाशी. चहासुद्धा नाही.

माझ्या डिस्चार्ज कार्डवर सर्जनचं नाव ठळक अक्षरांत आहे. भूलतज्ज्ञाच्या रकान्यात नुसतं ‘जीए’, म्हणजे जनरल अॅनेस्थेशिया. अख्ख्या फाइलमध्ये मॅडमचं नाव असलेला छापील कागद एकच. विमा कंपनीनं परत मागवलेलं ते बिल. कंपनीनं खोडा घातला नसता, तर तोही नसता.

गेल्या महिन्यात आईचा हात मोडला. प्लेट टाकायची होती. मी काउंटरवर कॅशलेसचे फॉर्म भरत होते, रूम मर्यादेतली घेतली होती, सगळं कसं शिस्तीत. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. अर्ध्या कप चहासाठी भांडलेली माझी आई, गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत, काउंटरवरच्या मुलीला खडसावत होती.

‘ते सर्जनचं कळलं मला. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव काय हो?’